ईदच्या डब्यातली जाड, मऊ कुकी : कारण कळले की हात बसतो

रमजानचा शेवटचा आठवडा आला की मोहल्ल्यातल्या बेकरीपुढे डबे घेऊन उभी राहिलेली मुले आणि बायका हे दृश्य आपल्या अनेक गावांत ठरलेले असे. घरचा मैदा, घरचे तूप, दळलेली साखर, थोडा रवा आणि वेलची तोलून बेकरीत न्यायची. बेकरीवाले चाचा ते मळून, वळून, भट्टीत भाजून देत आणि मजुरी तेवढी घेत. घरी परतताना डब्यात नानखटाई असे आणि मनात एक खात्री असे, की यात काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

आज आपल्या मुलांना नानखटाईच्या जोडीला आणखी एक पदार्थ हवा असतो. कॅफेत आणि मॉलमध्ये काचेच्या कपाटात मांडलेली ती जाड कुकी. कडेला किंचित कुरकुरीत, मधे मऊ आणि आत चॉकलेटचे तुकडे. एका कुकीला मोजलेल्या पैशांत घरी सात-आठ जणांचा नाश्ता होतो. त्याहून मोठी गोष्ट ही, की तिच्यात लोणी आहे की वनस्पती तूप, इसेन्स कसला आहे, आतला मऊपणा कशाने टिकवला आहे, हे विचारायची सोय नसते. विचारले तरी काउंटरवरच्या मुलाला ते माहीत नसते.

म्हणून पुष्कळ भगिनी हा पदार्थ घरी करून पाहतात, आणि पहिल्याच वेळी हिरमुसतात. कुकी ट्रेवर पसरून पापडासारखी होते, नाहीतर फुगून केक होते, नाहीतर दुसऱ्या दिवशी दगड. मग ‘हे दुकानातच जमते’ असे म्हणून नाद सोडला जातो. आमचे म्हणणे असे, की यात दुकानाचे कोणतेही गुपित नाही. चार-पाच कारणे आहेत. ती समजली की साधी कढई असली तरी कुकी जमते. आणि पूर्वी जी खात्री डब्यातून घरी येत असे, ती पुन्हा आपल्या हातात येते.

कुकी आली कुठून?

‘कुकी’ हा शब्द डच भाषेतला. ‘कूक्ये’ म्हणजे छोटा केक. अमेरिकेत गेलेल्या डच लोकांबरोबर तो तिकडे रुजला. गंमत अशी, की आपल्या नानखटाईच्या जन्मकथेतही डच येतात. सुरतेतल्या डच व्यापाऱ्यांच्या बेकरीतून हा पदार्थ पारशी बेकरीवाल्यांच्या हाती आला आणि तिथून सगळीकडे पसरला, असे सांगितले जाते. ‘नान’ हा मात्र फारसी शब्द. त्याचा अर्थ रोटी.

चॉकलेटचे तुकडे घातलेली कुकी अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन गावी ‘टोल हाऊस’ नावाची खाणावळ चालवणाऱ्या रूथ वेकफिल्ड यांनी १९३०च्या दशकात ती तयार केली. ती चुकून घडली अशी एक गोष्ट फिरत असते. पण रूथबाई गृहविज्ञान शिकलेल्या आणि शिकवलेल्या होत्या. पदार्थ विचारपूर्वक बसवणाऱ्या बाईंच्या कष्टांना आपण ‘चूक’ म्हणू नये. त्यांची कुकी लहान आणि कुरकुरीत होती. मऊ कुकीचा बोलबाला पुढे झाला. १९७७ साली डेबी फील्ड्स यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे गरम, मऊ कुकीचे दुकान काढले. १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या लेवेन बेकरीने तर एकेक कुकी सुमारे १७० ग्रॅमची केली. आज आपल्या शहरांतल्या काचेच्या कपाटात दिसते ती याच घराण्यातली.

ईदला गोड भाजून वाटायची रीत मात्र आपल्याला नवी नाही. इजिप्तमध्ये ईदुल फित्रला ‘कहक’ हवेच. सीरिया-लेबनॉनमध्ये खजूर भरलेले ‘मामूल’ आणि इराकमध्ये ‘क्लैचा’ असतो. आपल्याकडे शीरखुर्म्याशेजारी नानखटाई असते. त्याच ताटात ही पाहुणी बसवायची आहे.

नानखटाई खुसखुशीत, कुकी च्युई. असे का?

‘चिवट’ म्हटले की आपल्याला शिळी पोळी आठवते. इंग्रजीत ज्याला ‘च्युई’ म्हणतात ते तसे नाही. घास तोडताना भुगा होत नाही, किंचित ताण जाणवतो आणि मग तो मऊपणे सुटतो. खजूर किंवा ताजा खवा चावताना जे जाणवते, त्याच्या जवळचे हे.

दोघींमधला फरक समजून घ्यायला फक्त तूप आणि लोणी समोर ठेवावे. तुपात जवळजवळ सगळा स्निग्धांश असतो, पाणी नसते. मैद्यातली प्रथिने पाण्याशिवाय जाळे विणत नाहीत. म्हणून तुपातली नानखटाई तोंडात विरघळते. बटरमध्ये मात्र साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि सुमारे १६ टक्के पाणी असते. १५० ग्रॅम बटर घेतले तर त्यात जवळपास २४ ग्रॅम पाणी आलेच. त्यात अंड्यातले पाणी मिळते. मैद्याला तेवढे जाळे विणायला पुरते आणि कुकीला ताण येतो. बटर वितळवून घातले तर त्यातले पाणी मैद्याला लवकर भेटते, म्हणून च्युई कुकीसाठी बटर वितळवून, थंड करून वापरतात.

दुसरे कारण साखर. पांढरी साखर भाजल्यावर कडक होते आणि कुकीला कुरकुरीत करते. तपकिरी साखरेत उसाची मळी असते. ती ओलावा धरून ठेवते. कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते ती हिच्यामुळे. ही साखर बाजारात महाग मिळते, पण आपल्या महाराष्ट्रात तिला सोपा पर्याय आहे. कोल्हापूर-सांगलीकडे गुऱ्हाळावर मिळणारी काकवी. १६० ग्रॅम पांढऱ्या साखरेत २० ग्रॅम काकवी हाताने चोळली की १८० ग्रॅम तपकिरी साखर तयार. काकवी नसेल तर बारीक केलेला गूळही चालतो. चव थोडी गुळचट येते, मुलांना आवडतेही.

तिसरे अंडे. पांढऱ्या भागात पाणी जास्त. तो भाजल्यावर कोरडा होतो. पिवळ्या बलकात स्निग्धांश असतो आणि तो पीठ मऊ ठेवतो. म्हणून एक पूर्ण अंडे आणि वर एक जादा बलक घेतात. उरलेला पांढरा भाग दुसऱ्या दिवशीच्या ऑम्लेटमध्ये जातो, वाया जात नाही.

चौथे कारण थंडावा, आणि आपल्या हवेत तेच सगळ्यात महत्त्वाचे. बटर सुमारे ३२ ते ३५ अंशांना वितळते. मे महिन्यात नागपूर-औरंगाबादकडे स्वयंपाकघरच याहून गरम असते. पीठ तसेच ट्रेवर ठेवले तर ओव्हनमध्ये जाण्याआधीच बटर सुटायला लागते आणि कुकी आपले अंग सोडून देते. म्हणून पीठ फ्रिजमध्ये निदान चार तास, जमल्यास रात्रभर ठेवायचे. थंड गोळा ओव्हनमध्ये हळूहळू वितळतो. तो पुरता पसरायच्या आत बाहेरची कड धरते आणि कुकी जाड राहते. शिवाय तेवढ्या वेळात मैदा ओलावा पिऊन घेतो, चवही मुरते.

प्रमाण

वाटीने मोजू नये. तुमची वाटी आणि आमची वाटी वेगळी. एकाच वाटीत मैदा दाबून भरला आणि चाळून भरला तर वजनात चांगलाच फरक पडतो. साधा डिजिटल वजनकाटा घ्यावा. रमजानात त्याचा आणखी एक फायदा आहे. वजन बरोबर असले की चाखून पाहायची गरज उरत नाही. रोजा असताना निश्चिंतपणे पीठ करता येते.

साधारण ६० ग्रॅमच्या पंधरा कुकीजसाठी :

बटर १५० ग्रॅम
तपकिरी साखर १८० ग्रॅम
पांढरी साखर ८० ग्रॅम
अंडे १ आणि जादा पिवळा बलक १
मैदा २७० ग्रॅम
कॉर्नफ्लोअर १ मोठा चमचा (१० ग्रॅम)
खायचा सोडा अर्धा लहान चमचा, सपाट
मीठ अर्धा लहान चमचा (बटर खारे असेल तर घालू नये)
चॉकलेट १७० ग्रॅम, सुरीने जाडसर चिरलेले
व्हॅनिला किंवा वेलचीपूड १ लहान चमचा

कृती

बटर मंद आचेवर वितळवून बाजूला ठेवा. बोट बुडवल्यावर कोमट लागले पाहिजे. गरम बटरमध्ये अंडे शिजते. मग त्यात दोन्ही साखरा घालून दोन मिनिटे हाताच्या फेटणीने एकजीव करा. अंडे, बलक आणि व्हॅनिला घालून पुन्हा मिनिटभर हलवा. इथे फार फेटू नका. जास्त हवा गेली की केक होतो.

मैदा, कॉर्नफ्लोअर, सोडा आणि मीठ एकत्र चाळून त्यात घाला. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. कणकेसारखे मळायचे नाही. चॉकलेट मिसळा. पीठ सैल वाटेल, पण म्हणून वरून मैदा टाकू नका. झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी ओव्हन १८० अंशांवर पंधरा मिनिटे आधी तापवून घ्या. ओटीजी असेल तर वरची-खालची दोन्ही कॉइल सुरू ठेवून ट्रे मधल्या खणात ठेवावा. पिठाचे ६० ग्रॅमचे गोळे तोला. पेढ्यासारखे चपटे करू नका. उंच, ओबडधोबड ठेवा. गोळा जितका उंच, कुकी तितकी जाड. बटर पेपर लावलेल्या थंड ट्रेवर दोन-दोन इंच अंतर ठेवून मांडा.

भाजायला ११ ते १३ मिनिटे लागतात. इथेच बहुतेकींचा धीर सुटतो. कड सोनेरी झालेली असते, मधे मात्र कुकी कच्ची, फुगीर आणि हलती दिसते. ‘अजून दोन मिनिटे’ म्हणून ठेवली की ती गेली. कड धरली आणि मधल्या भागाची ओली चकाकी गेली की बाहेर काढायची. गरम ट्रेवर ती आतून शिजतच राहते. दहा मिनिटे हात लावू नये. नंतर उचलून जाळीवर ठेवावी.

घरी नुसता साधा मायक्रोवेव्ह असेल तर त्यात कुकी भाजली जात नाही, त्यासाठी कन्व्हेक्शनची सोय लागते. ओव्हनच नसेल तर जाड बुडाची लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची कढई घ्या. नॉनस्टिक नको. रिकामी तापवल्याने तिचा लेप खराब होतो. तळाशी मिठाचा दोन बोटे थर, त्यावर लहान स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे तापवा. मग आच मंद करून बटर पेपर लावलेल्या ताटलीत चार गोळे ठेवा. चौदा-सोळा मिनिटे लागतात. वरून रंग फिका राहतो, कारण उष्णता खालून येते. चवीत कमी नसते. हे मीठ थंड करून बरणीत भरून ठेवावे, पुढच्या वेळी कामी येते.

कच्चे पीठ मुलांना चाटू देऊ नका. भांडे पुसून खायची त्यांना हौस असते, पण कच्च्या अंड्यातून आणि कच्च्या मैद्यातूनही पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात.

कुकी काय सांगते ते ऐका

कुकी बिघडली तर नशिबाला दोष देण्याआधी तिच्याकडे पाहा. ती स्वतःच कारण सांगते.

पातळ पसरली : पीठ पुरेसे थंड नव्हते, किंवा पहिल्या घाण्याच्या गरम ट्रेवरच दुसरे गोळे ठेवले, किंवा सोडा जास्त पडला. सोड्याने कुकी पसरते आणि काळपटही होते.

केकसारखी फुगली : मैदा जास्त झाला, किंवा सोड्याऐवजी बेकिंग पावडर घातली, किंवा पीठ फार फेटले.

दुसऱ्या दिवशी कडक झाली : जास्त भाजली, किंवा सगळी साखर पांढरीच वापरली.

खालून जळली, वरून कच्ची : ट्रे फार खाली होता, किंवा कढईची आच मोठी होती.

शाळेत मुलींना आम्ही हेच सांगतो. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मैदा, साखर आणि वेळ तिन्ही एकदम बदलले तर चूक कशात होती ते कधीच कळत नाही. वहीत तारीख घालून लिहून ठेवले की तिसऱ्या वेळी कुकी हमखास जमते.

पाकीट उलटून वाचा

घरी केले म्हणून आपोआप हलाल होत नाही. सामान तर बाजारातूनच येते. पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय हवी, आणि ती मुलांनाही लावावी.

पहिले व्हॅनिला. व्हॅनिलाच्या शेंगांचा खरा अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. अमेरिकेच्या नियमानुसार तर अशा अर्कात ३५ टक्के अल्कोहोल असावेच लागते, म्हणून परदेशातून कोणी भेट आणली तर बाटली जरूर वाचावी. आपल्याकडचे स्वस्त इसेन्स बहुतेक कृत्रिम असतात. ते कशात विरघळवले आहे ते लेबलवर पाहावे. अल्कोहोलविरहित इसेन्स आणि व्हॅनिला पावडर मिळते. नाहीतर आपली वेलची-जायफळ आहेच. चॉकलेटबरोबर वेलची छान लागते.

दुसरे, पाकिटावरचे अंक. ४७१ हा क्रमांक असलेला घटक वनस्पतीपासून बनतो तसा प्राण्यांच्या चरबीपासूनही बनू शकतो. आपल्या देशातल्या पाकिटावर हिरवी खूण असेल तर त्यात प्राणिजन्य चरबी नाही एवढे कळते. परदेशी पाकिटावर ती खूण असेलच असे नाही. मात्र हिरवी खूण अल्कोहोलबद्दल काहीच सांगत नाही, हे लक्षात ठेवावे. १२० क्रमांकाचा लाल रंग किड्यांपासून काढतात. कुकीत घालायच्या मार्शमेलोमध्ये जिलेटिन असते, तेही तपासावे. ज्या घटकाबद्दल उलमांची मते वेगवेगळी आहेत, तिथे आपल्या मोहल्ल्यातल्या जाणकार आलिमांना विचारावे. शंकेची वस्तू टाळली तर कुकी अडत नाही.

तिसरे चॉकलेट. ‘कंपाउंड’ लिहिले असेल तर त्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती तेल असते. ते स्वस्त असते, पण तोंडात मेणासारखे लागते. थोडे कमी घाला, पण खरे चॉकलेट घ्या. चौथे, बटरच्या जागी वनस्पती तूप किंवा मार्गारीन. त्याने कुकी पसरत कमी, पण चव येत नाही. २०२२ पासून आपल्या देशात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरी मुलांसाठी बटरच बरे.

गोड किती?

हे लपवून लिहिणे आम्हाला बरे वाटत नाही. वरच्या प्रमाणात चॉकलेटची सोडून २६० ग्रॅम साखर आहे. पंधरा कुकीजमध्ये वाटली तर एकीत १७ ग्रॅमहून थोडी अधिक, म्हणजे चार लहान चमचे. घराघरात मधुमेह शिरलेला असताना हा आकडा डोळ्यांआड करता येत नाही. साखर एकदम निम्मी केली तर मऊपणाही जातो. त्यापेक्षा गोळा ३० ग्रॅमचा करावा आणि ८-९ मिनिटेच भाजावा. लहान मुलांना तेवढी पुरते. पांढरी साखर ८० ऐवजी ५० ग्रॅम केली तरी चालते. चॉकलेट निम्मे करून १०० ग्रॅम बारीक चिरलेला मऊ खजूर घालावा. खजुराची नैसर्गिक साखर ओलावा धरते, त्यामुळे कुकी आणखी च्युई होते. इफ्तारच्या दस्तरख्वानावर उरलेल्या खजुराचे यापेक्षा चांगले काय होणार? मैद्याचा एक तृतीयांश भाग कणकेने बदलता येतो. फक्त मोठा चमचाभर दूध जास्त लागते. दादी-नानींना मधुमेह असेल तर त्यांच्या ताटलीत अर्धीच ठेवावी. आणि आपण त्यांच्यासमोर तीन-तीन खाऊ नयेत.

शेजाऱ्यांचा डबा

ईदला शेजारी डबा जातो, तेव्हा अंडे न खाणाऱ्या घरांचा विचार आधीच करावा. अंडे आणि बलकाऐवजी तीन मोठे चमचे घट्ट चक्का घाला. दही आंबट असल्याने सोडा चांगला फुलतो. कुकी थोडी केकच्या बाजूला झुकते, पण मऊ होते. या कुकीजसाठी भांडे, चमचा आणि ट्रे वेगळा ठेवावा किंवा स्वच्छ धुऊन आधी त्याच भाजाव्यात. डब्यावर ‘अंडे नाही’ अशी चिठ्ठी लावावी. आपण जशी दुसऱ्याच्या पदार्थाबद्दल खात्री मागतो, तशी ती द्यायलाही हवी.

घरातून चार पैसे

ज्या भगिनींना घर सांभाळून काही कमवायचे आहे, त्यांच्यासाठी कुकी हा चांगला धंदा आहे. भांडवल थोडे, जागा थोडी. पण सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. खाद्यपदार्थ विकण्यासाठी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्यावी. सामान, गॅस-वीज, डबा, स्टिकर आणि स्वतःची मेहनत हे सगळे वहीत मांडून मगच भाव सांगावा. स्वतःची मजुरी धरली नाही तर धंदा चाललेला दिसतो आणि हातात काही उरत नाही.

६० ग्रॅम लिहिले तर ६० ग्रॅमच द्यावे. भाजल्यावर थोडे पाणी उडून वजन घटते, म्हणून तयार कुकी तोलून लेबल लिहावे. कुरआनात सूरह मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांना इशारा देत सुरू होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते वाण्याच्या तराजूला लागू आहे तसेच आपल्या स्वयंपाकघरातल्या काट्यालाही. वनस्पती तूप वापरून ‘बटर कुकी’ म्हणू नये. लेबलवर सगळे घटक लिहावेत, शेंगदाणे-काजू असतील तर ठळक लिहावेत. कित्येक मुलांना त्यांची अॅलर्जी असते. आपल्याकडची गिऱ्हाईक बाई पुन्हा येते ती चवीसाठी, पण टिकते ती भरवशासाठी.

कुकी पूर्ण थंड झाल्याशिवाय डब्यात भरू नये. आतल्या वाफेने बुरशी धरते. हवाबंद डब्यात चार-पाच दिवस, पावसाळ्यात तीन दिवस ठेवावी. मऊ राहावी म्हणून डब्यात पावाचा एक तुकडा ठेवतात. पाव कोरडा होतो, कुकी ओलावा घेते.

शाबानमध्येच गोळे करून ठेवा

शेवटची आणि आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. रमजानचे शेवटचे दहा दिवस इबादतीचे. लैलतुल कद्र त्यांतच शोधायची. आणि नेमके त्याच दिवसांत घरातली बाई ईदच्या फराळात अडकलेली असते. तरावीह होऊन पुरुष मशिदीत थांबतात आणि ती ओव्हनपाशी.

कुकीचे पीठ इथे मदतीला येते. शाबान महिन्यातच पीठ करून गोळे तोलून घ्या. ते ताटलीत सुटे-सुटे गोठवून नंतर हवाबंद पिशवीत भरा. पिशवीवर तारीख लिहा. फ्रीजरमध्ये दोन महिने ते उत्तम राहतात. ईदच्या सकाळी, पुरुष नमाजला गेले की फ्रीजरमधले गोळे तसेच ट्रेवर मांडायचे आणि दोन मिनिटे जास्त भाजायचे. ते ईदगाहवरून परततात तेव्हा कुकी गरम असते आणि मागच्या दहा रात्री तुमच्या स्वतःच्या असतात.

गोळे तोलायचे काम मुलींबरोबर मुलांनाही द्यावे. आठ-नऊ वर्षांचा मुलगा काट्यावर ६० चा आकडा आणायला अगदी रमतो. बहीण पीठ करते आणि भाऊ फक्त खातो, ही वाटणी या कामात तरी नको.

आणि पहिल्यांदा करणाऱ्या भगिनींना एक सूचना. सगळा घाणा एकदम ओव्हनमध्ये घालू नका. आधी एकच कुकी भाजून पाहा. तुमचा ओव्हन, तुमची कढई, तुमच्या गावची हवा काय म्हणते ते ती एक कुकी सांगेल. ती पसरली तर बाकीचे गोळे आणखी दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, कोरडी झाली तर दोन मिनिटे आधी काढा. चौदा गोळे शिल्लक असतात. ते नीट उतरतील, इन्शाअल्लाह.